जुन्या मोटारसायकलीतला इग्निशनचा बिघाड

जुन्या मोटारसायकलीत स्पार्क का पडत नाही, किंवा पडतो पण कमजोर वा अवेळी का पडतो, हे एकेक भाग तपासून शोधायची ही पद्धत. इथे सीबी पॉइंटवर (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) चालणारी गाडी धरली आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन १९७० च्या दशकात हळूहळू पसरलं, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचा सगळा कारभार पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांच्यावरच असायचा.

काम कसं चालतं ते आधी डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर माणूस अंदाजाने पार्ट बदलत सुटतो आणि तीच मोठी चूक आहे. पॉइंट चिकटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरीतून (जाड तारेच्या वेटोळ्यातून) वाहतो, इंजिनबरोबर फिरणाऱ्या कॅमने पॉइंट उघडले की तो तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि सेकंडरीत (बारीक तारेच्या वेटोळ्यात) हजारो व्होल्ट तयार होतात, मग प्लगला स्पार्क पडतो. म्हणजे स्पार्क पॉइंट उघडताना पडतो, चिकटताना नाही. करंट झटकन तुटावा आणि पॉइंटच्या तोंडावर ठिणग्या उडू नयेत म्हणून कंडेन्सर असतो. मॅग्नेटोच्या गाडीत बॅटरीऐवजी फिरत्या मॅग्नेटोतूनच (चुंबकावर चालणाऱ्या छोट्या जनित्रातूनच) करंट मिळतो, हाय टेन्शन मॅग्नेटो बॉशच्या गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये यशस्वी करून दाखवला.

सुरुवात प्लगपासून करायची, योग्य नंबरचा नवा प्लग लावून बघायचा, कारण जुना प्लग बाहेर ठेवून छान स्पार्क देतो आणि आत कॉम्प्रेशनमध्ये गप्प बसतो, दाबाखाली गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे उघड्यावरच्या स्पार्कवर फार विश्वास ठेवू नये. प्लग कॅप काढून एचटी वायरचं (हाय टेन्शन, म्हणजे कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या वायरचं) टोक इंजिनच्या हेडपासून ५-६ मिमी लांब धरलं आणि निळसर, कडक आवाजाचा स्पार्क आला तर कॉइल बरी, पिवळट बारीक धागा आला तर पुढे शोधायचं. वायर इन्सुलेटेड पकडीनेच धरायची आणि प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटते. वायरने स्पार्क येतो पण कॅप लावल्यावर येत नाही, तर कॅपच गेलेली आहे, आतला ५ किलोओहमचा रेझिस्टर जळतो आणि वरून काही दिसत नाही.

बॅटरी-कॉइलच्या गाडीत अॅमीटर (करंट दाखवणारं मीटर) असेल तर त्याच्यासारखं हत्यार नाही. चावी ऑन करून किक हळूहळू दाबायची आणि काट्याकडे बघायचं. पॉइंट चिकटले की काटा डिस्चार्जकडे जातो, उघडले की शून्यावर येतो, असं होत असेल तर प्रायमरी सर्किट ठीक. काटा शून्यावरून हललाच नाही तर कुठेतरी वायर तुटली आहे, स्विच गेलाय किंवा पॉइंटवर थर चढलाय. काटा एकसारखा डिस्चार्जलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. अॅमीटर नसेल तर पॉइंटचं टर्मिनल आणि अर्थ (गाडीचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये छोटा बल्ब लावायचा, पॉइंट उघडल्यावर तो पेटला पाहिजे. स्विचवर संशय असेल तर बॅटरीच्या जिवंत टोकापासून कॉइलला थेट वायर द्यायची (जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतं, हे आधी बघा), गाडी चालू झाली तर दोष स्विचात नाहीतर हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात). चावीने मग गाडी बंद होणार नाही, म्हणून वायर लगेच काढायची.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत दोष बहुतेक पॉइंटवरच सापडतो. बारीक पॉइंट फाइल मारून साध्या स्वच्छ कागदाने पुसायचं, एमरी पेपर नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. पॉइंटचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिमी, ल्यूकास कंपनीच्या मॅग्नेटोला ०.३० मिमीच्या आसपास. गॅप आधी आणि टायमिंग (स्पार्क कोणत्या क्षणी पडतो ते) नंतर, हा क्रम मोडायचा नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, मग किक उलटी मारते आणि पाय दुखावतो. पॉइंट सारखे जळून काळे-निळे पडत असतील तर कंडेन्सर बघा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्या स्टॉकमधला न वापरलेला कंडेन्सर म्हणजे नवा असं धरू नका, आतला कागद वर्षांनी खराब होतो.

सगळ्यात छळणारा बिघाड गरम झाल्यावरचा. थंड गाडी एका किकला चालू होते, थोडं चालल्यावर मिसिंग मारते, बंद पडते, आणि गार झाली की पुन्हा चालू. लोक कार्बुरेटर उघडून बसतात, पण बरेचदा कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देत असतो. त्यामुळे गाडी बंद पडली की तिथेच, गरम असतानाच स्पार्क बघायचा, घरी येऊन गार गाडीत बघून काहीही कळत नाही. त्याआधी टाकीचं झाकण एकदा उघडून बघावं, त्याचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल थांबतं आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. झाकण उघडल्यावर गाडी चालू झाली तर इग्निशनला हात लावायची गरज नाही.

मॅग्नेटोत हेच दुखणं आर्मेचरमध्ये (आत फिरणाऱ्या, तारेच्या वेटोळ्याच्या भागात) असतं, वाइंडिंगवरचं जुनं शेलॅक (लाखेचा थर) तापून मऊ पडतं, आणि बऱ्याच मॅग्नेटोंत कंडेन्सरही आत आर्मेचरमध्येच बसवलेला असल्यामुळे तो बदलायला सगळं उघडावं लागतं. उघडताना जुन्या मॅग्नेटच्या ध्रुवांना लोखंडी कीपर (दोन्ही ध्रुव जोडणारी पट्टी) लावल्याशिवाय आर्मेचर बाहेर ओढू नये, मॅग्नेट कमजोर होतो आणि मग वाइंडिंग नवं करूनही स्पार्क मरतुकडाच येतो.