आरोग्य विम्याची सक्ती: कुठून आली, कोणावर आली

सरकारने प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यायला लावावा का, या वादात दोन्ही बाजूंचे लक्ष एकाच माणसावर असते: विमा न घेतलेल्या धडधाकट माणसावर. त्याला भाग पाडा, असे एक बाजू म्हणते. त्याच्या मर्जीवर सोडा, असे दुसरी. या सक्तीचा इतिहास मात्र वेगळेच दाखवतो. ती जिथे रुजली, तिथे तिचा भार एकट्या नागरिकावर कधीच नव्हता. मालक, विमा देणारे आणि सरकार यांनाही कायद्याने बांधून घेतलेले होते.

देशव्यापी सक्तीची सुरुवात जर्मनीत १८८३ साली झाली. कायदा आणणारा चान्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क समाजवाद्यांचा कट्टर विरोधक होता. १८७८ मध्ये त्याने त्यांच्या संघटनांवर बंदी घातली होती. कामगार त्यांच्याकडे वळू नयेत, त्यांना राज्यसंस्था आपली वाटावी, हा त्याचा हेतू. साचा मात्र जुनाच होता. खाणकामगारांचे मदतनिधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते आणि प्रशियाने १८५४ मध्येच त्यांचे सदस्यत्व बंधनकारक केले होते. नव्या कायद्यात वर्गणीचा दोनतृतीयांश वाटा कामगाराचा आणि एकतृतीयांश मालकाचा ठरला. त्यातून डॉक्टर आणि औषधे मिळत, शिवाय आजारपणात तेरा आठवड्यांपर्यंत भत्ता. निधीच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी बसत. पगारातून पैसे कापले जात असूनही ही व्यवस्था लोकांना परकी वाटली नाही, याचे मोठे कारण मला या शेवटच्या तरतुदीत दिसते.

ब्रिटनमध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये हाच मार्ग धरला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. पण विमा कमावत्या माणसापुरताच होता, त्याची बायको आणि मुले उपचारांबाहेर राहिली. १९४८ मध्ये ब्रिटनने विम्याची वाट सोडली आणि मुख्यतः करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारली. विम्याची सक्ती म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे म्हणणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. कर भरणेही ऐच्छिक नसते.

स्वित्झर्लंडचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथल्या मतदारांनी १९०० मध्ये सक्तीचा विमा फेटाळला. १९११ च्या कायद्याने तो देशपातळीवर ऐच्छिक ठेवला आणि सक्तीचा निर्णय कँटनांवर, म्हणजे तिथल्या घटक राज्यांवर, सोपवला. पुढे तरुण, निरोगी लोक स्वस्त निधींकडे गेले. वयस्क आणि आजारी लोक जुन्या निधींमध्ये उरले आणि तिथले हप्ते चढत गेले. अखेर १९९४ मध्ये निसटत्या बहुमताने नवा कायदा मंजूर झाला आणि १९९६ पासून मूलभूत विमा सर्वांना बंधनकारक ठरला. त्याच कायद्याने विमा देणाऱ्यांनाही जखडले: अर्ज करणाऱ्या कोणालाही नाकारायचे नाही, आजार पाहून हप्ता वाढवायचा नाही, मूलभूत विम्यावर नफा कमवायचा नाही. कमी उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यात सरकारी सवलत मिळते.

अमेरिकेत हा वाद सर्वाधिक पेटला. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हा कंपन्या कामगार टिकवण्यासाठी आरोग्य विमा देऊ लागल्या आणि विमा नोकरीला चिकटला. १९८६ मध्ये संसदेने आपत्कालीन विभाग असलेल्या जवळपास सर्व रुग्णालयांना बंधन घातले की पैसे नाहीत म्हणून तातडीच्या रुग्णाला परत पाठवायचे नाही. माणुसकीला धरूनच होते ते. पण त्या उपचारांचा खर्च कोणी उचलायचा, हे कायद्याने सांगितले नाही.

त्यातूनच व्यक्तीवरील सक्तीची कल्पना पुढे आली, तीही उजव्या बाजूकडून. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या पुराणमतवादी संस्थेने ती मांडली. १९९३ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांच्या विधेयकात ती होती. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने आजाऱ्यांना विमा नाकारण्यावर निर्बंध आणले. सोबतची सक्ती दोन वर्षांत रद्द झाली, निर्बंध बरेचसे राहिले. लोक आजारी पडल्यावर विमा घेऊ लागले आणि दशक संपता संपता तिथल्या कंपन्यांनी वैयक्तिक विमा विकणेच थांबवले. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी २००६ मध्ये सक्तीला अनुदानाची जोड दिली आणि ती रचना चालली.

२००८ च्या प्रचारात सक्तीला विरोध करणाऱ्या ओबामांनी २०१० मध्ये तीच देशभरासाठी स्वीकारली. आता विरोधात रिपब्लिकन होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटले की व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकारात संसद कोणाला काही विकत घ्यायला लावू शकत नाही. मात्र विमा न घेणाऱ्यावरचा दंड हा कर मानता येतो. पाच विरुद्ध चार मतांनी तरतूद वाचली. २०१७ च्या करकायद्याने तो दंड २०१९ पासून शून्यावर आणला. बाजार कोसळेल अशी भीती अनेकांना होती. तो कोसळला नाही, कारण २०१० च्या कायद्याने हप्त्यासाठी दिलेली अनुदाने शिल्लक होती. २०२१ मध्ये ती वाढवल्यावर नोंदणीही वाढली आणि २०२५ साठी त्याच कायद्याने उभारलेल्या सरकारी विमा बाजारपेठेतून विमा घेणाऱ्यांची संख्या २.४ कोटींवर गेली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे: दंडापेक्षा परवडणारा हप्ता लोकांना जास्त खेचतो. तरीही कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांनी स्वतःच्या पातळीवर सक्ती व दंड ठेवले आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये आता वाद हप्त्यांच्या ओझ्यावर आहे. कोणाचाही हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा प्रस्ताव जून २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला. संसदेने त्याला दिलेला पर्याय मात्र त्यामुळे मार्गी लागला: सवलतींवर किमान किती खर्च करायचा, याचे बंधन कँटनांवर घालण्याचा.