नवा फोन जोडा, सेटिंग सर्व्हर करेल

टेबलावरचा आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारा फोन) बिघडला, तर आमचा माणूस येईपर्यंत थांबू नका. नव्या फोनच्या खोक्यावरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा वेगळा क्रमांक, आम्हाला कळवा, आम्ही 'झालं' म्हटलं की केबल जोडा. फोन स्वतःहून सुरू होईल आणि जुनाच एक्स्टेन्शन नंबर दाखवेल.

हे जमतं, कारण फोनची सेटिंग आम्ही फोनमध्ये भरतच नाही. ती तुमच्या युनिक्स सर्व्हरवर, प्रत्येक फोनसाठी एक अशा साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवलेली असतात. फोन सुरू होताच नेटवर्कवर हाक मारतो, 'मला कोणी पत्ता देईल का?' सर्व्हरवरचा डीएचसीपी प्रोग्रॅम पोर्ट ६७ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं ठरावीक क्रमांकाचं दार) ही हाक ऐकतो, फोनला आयपी ॲड्रेस देतो आणि त्याच उत्तरात, ऑप्शन ६६ नावाच्या रकान्यातून, 'तुझी फाइल अमुक सर्व्हरवर आहे' हेही सांगतो. मग फोन टीएफटीपीने, म्हणजे फाइल आणण्याच्या एका साध्या पद्धतीने, पोर्ट ६९ वर स्वतःच्या मॅक ॲड्रेसच्या नावाची फाइल मागून घेतो. स्विच आणि वायफाय ॲक्सेस पॉइंटचंही साधारण असंच.

अडतं ते बहुतेक वेळा फाइलच्या नावापाशी. मॅक ॲड्रेसमध्ये बारा अक्षरं-आकडे असतात. खोक्यावर ती अक्षरं कॅपिटलमध्ये छापलेली असतात, पण बरेच फोन फाइल मागतात स्मॉल अक्षरांत. युनिक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. फाइल डोळ्यांसमोर असते आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 'फाइल नॉट फाउंड' येत राहतं. एका जागी आम्ही यापायी अख्खी दुपार केबली बदलण्यात घालवली होती. तेव्हापासून आम्ही आधी लॉग उघडतो, केबलला नंतर हात लावतो.

एक गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. टीएफटीपीला पासवर्ड नसतो. फाइलचं नाव ठाऊक असलेला आणि त्या सर्व्हरपर्यंत पोहोचणारा कोणीही ती वाचू शकतो, आणि त्या फाइलमध्ये फोनच्या खात्याचा पासवर्ड असतो. म्हणून फोनसाठी आम्ही वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, करतो. पाहुण्यांचं वायफाय कृपा करून त्यात जोडू नका, अगदी एका दिवसापुरतंसुद्धा. फोनला जमत असेल तिथे आम्ही टीएफटीपीऐवजी एचटीटीपीएस ही मजकूर सांकेतिक करून पाठवणारी पद्धत वापरतो.

फोनच्या वेब पेजवर जाऊन केलेला बदल टिकेल असं धरून चालू नका. आम्ही लावलेले फोन सुरू होताना फाइल पुन्हा वाचतात आणि तिच्यातलंच खरं मानतात. नाव बदलायचं असो वा स्पीड डायल, आम्हाला कळवा. बदल फाइलमध्ये होईल आणि आधीची प्रतही जपून राहील, म्हणजे नको वाटलं तर मागे जाता येईल.

सर्व्हर बंद असताना चालू फोन लगेच गप्प होत नाहीत. पण तेवढ्या वेळात नवं काही जोडू नका आणि चालू फोन बंद करून पुन्हा सुरू करू नका.