बँक खात्यावरील व्यवहार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेणे : कोल्हापुरातील खातेदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

कोल्हापूर परिसरातील कुटुंबाची खाती क्वचितच एका बँकेत असतात. पगार किंवा पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत, उसाचे बिल जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या गावातील शाखेत, दर दहा दिवसांचे दूधबिल तिसऱ्याच खात्यावर, आणि पेठेतल्या एखाद्या नागरी सहकारी बँकेत वडिलांनी काढून दिलेले जुने बचत खाते, असा पसारा असतो. या सर्व खात्यांचे व्यवहार ग्नूकॅश, केमायमनी किंवा होमबँक यांसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणले, तर वर्षाचा हिशेब एका ठिकाणी दिसतो. त्यासाठी प्रत्येक नोंद हाताने भरण्याची गरज नाही. मात्र बँक स्वतःहून आपल्या सॉफ्टवेअरला व्यवहार पाठवते, असा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. आपल्याकडे खातेदाराने स्वतः नेटबँकिंगमधून फाइल उतरवून घ्यायची आणि ती सॉफ्टवेअरमध्ये भरायची, हाच सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

पात्रता

खात्याचा उतारा पाहण्याचा अधिकार ज्याला आहे, तो ही प्रक्रिया करू शकतो. एकट्याच्या नावावरील खात्यात प्रश्न येत नाही. संयुक्त खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचे असल्यास दोघांपैकी कोणालाही नेटबँकिंग मिळू शकते, तर दोघांच्या सह्यांनी चालणाऱ्या खात्यावर बऱ्याच बँका केवळ पाहण्यापुरतीच सुविधा देतात. अज्ञान मुलाच्या खात्यासाठी पालकाने, एकत्र कुटुंबाच्या खात्यासाठी कर्त्याने आणि भागीदारी संस्थेच्या खात्यासाठी अधिकारपत्र असलेल्या भागीदाराने अर्ज करावा लागतो.

नागरी सहकारी बँकेत अर्ज देताना मागणीचे शब्द नेमके असावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सहकारी बँकांच्या इंटरनेट बँकिंगचे केवळ पाहण्यापुरते आणि व्यवहारासह असे दोन प्रकार मानलेले आहेत, आणि आपल्या कामाला पहिला प्रकार पुरेसा आहे. काउंटरवर नुसते "नेटबँकिंग पाहिजे" म्हटले, तर व्यवहारांसह सुविधेचा लांबलचक फॉर्म हाती पडण्याची शक्यता असते. "फक्त उतारा पाहण्याची आणि उतरवून घेण्याची सुविधा द्यावी" असे लिहून दिले, तर काम लवकर होते आणि धोकाही कमी राहतो.

कागदपत्रे

नेटबँकिंग आधीपासून सुरू असेल, तर कोणताही कागद लागत नाही. ते सुरू करायचे असल्यास किंवा जुना उतारा शाखेतून घ्यायचा असल्यास पासबुक, पॅन कार्डची प्रत, आणि आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एकाची स्वसाक्षांकित प्रत सोबत ठेवावी. आधारची प्रत द्यायची झाल्यास फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क केलेली प्रत चालते का, हे आधी विचारावे.

खरी अडचण बहुतेक वेळा मोबाइल क्रमांकाची असते. माझ्या एका खात्यावर कधीच बंद पडलेला क्रमांक नोंदलेला होता. शाखेने अर्ज घेऊन क्रमांक बदलला खरा, पण तो त्या एका खात्यापुरता. ग्राहक क्रमांकावर, म्हणजे बँक त्या ग्राहकाच्या सर्व खात्यांना मिळून देते त्या एका क्रमांकावर, जुनाच मोबाइल राहिल्याने ओटीपी तिकडेच जात राहिला आणि पुन्हा एक सकाळ शाखेत गेली. म्हणून अर्जात खाते क्रमांकाबरोबर ग्राहक क्रमांकही लिहावा आणि बदल दोन्हीकडे करण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

नेटबँकिंगवर ठरावीक काळापलीकडचे व्यवहार दिसत नसतील, तर शाखा व्यवस्थापकांच्या नावे साधा अर्ज पुरतो : "माझ्या वरील बचत खात्याचा दि. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या कालावधीचा खातेउतारा एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात माझ्या नोंदणीकृत ईमेलवर मिळावा." सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. स्वरूपाचा उल्लेख विसरू नये, अन्यथा छापील कागद किंवा पीडीएफ हाती येते आणि ते सॉफ्टवेअरमध्ये भरणे कष्टाचे होते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ नुसार बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात, त्यामुळे त्या मुदतीतील उताऱ्याला "नोंद उपलब्ध नाही" हे उत्तर पटणारे नाही. जादा उताऱ्याचे शुल्क बँकेगणिक वेगळे असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. लेखी तक्रारीनंतरही ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना हीच प्रत उपयोगी पडते.

फाइल कोणती घ्यावी

नेटबँकिंगमध्ये उताऱ्याचा कालावधी निवडल्यावर पीडीएफ, एक्सेल, सीएसव्ही असे पर्याय दिसतात, आणि क्वचित एखाद्या ठिकाणी ओएफएक्स किंवा क्यूआयएफ ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठीची स्वरूपेही असतात. ओएफएक्स मिळाल्यास तेच घ्यावे. १९९७ साली आलेल्या या स्वरूपात प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, म्हणून तीच फाइल चुकून दोनदा भरली तरी सॉफ्टवेअर नोंद ओळखते. सीएसव्हीमध्ये अशी ओळख नसते. तरीही आपल्याकडे बहुतेकांना सीएसव्ही किंवा एक्सेलवरच भागवावे लागते, म्हणून पुढील माहिती त्यालाच धरून दिली आहे.

उतरवलेली मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच 'सेव्ह' करू नये. यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो, आणि एक्सेल तो ४.१२ई+११ अशा आखूड रूपात दाखवते. फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून साठवली, तर मूळ अंक कायमचे जातात. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून तिच्या प्रतीवर काम करावे आणि प्रतीत तो स्तंभ आधी 'टेक्स्ट' म्हणून ठरवावा. वरच्या बाजूला असलेले खातेदाराचे नाव, पत्ता, शाखा आणि तळाच्या बेरजा या ओळी प्रतीतून काढून टाकाव्यात.

सॉफ्टवेअरमध्ये आयात

आयातीपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बँक खात्याचे स्वतंत्र खाते उघडून आरंभीची शिल्लक भरावी. वर्ष १ एप्रिलपासून धरायचे असेल, तर ३१ मार्चची अखेरची शिल्लक पासबुकावरून घ्यावी. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजींना हे सांगावे लागले नसते, पण पहिल्यांदा आयात करणारे बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग वर्षभर प्रत्येक शिल्लक तेवढ्याच रकमेने चुकते.

त्यानंतर सीएसव्ही आयातीच्या पडद्यावर कोणत्या स्तंभात तारीख, कोणत्यात तपशील, कोणत्यात नावे (खात्यातून गेलेली रक्कम) आणि कोणत्यात जमा आहे, हे सॉफ्टवेअरला दाखवावे. येथे दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालावे लागते. पहिले ठिकाण तारखेचे. तारीख महिना-आधी पद्धतीने वाचली गेली, तर ०५/०४/२०२५ रोजी जमा झालेले दूधबिल ५ एप्रिलऐवजी ४ मे रोजी जाऊन बसते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तेरावा महिना नसल्याने नाकारल्या जातात आणि चूक कळते, पण १ ते १२ या तारखांच्या नोंदी काहीही न बोलता चुकीच्या महिन्यात शिरतात. म्हणून तारखेचे स्वरूप दिवस-महिना-वर्ष असेच निवडावे.

दुसरे ठिकाण रकमेचे. आपल्या पद्धतीने लिहिलेली १,२५,०००.०० ही उसाच्या बिलाची रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर स्वल्पविरामाने स्तंभ तोडणारे सॉफ्टवेअर तिचे तीन तुकडे करते आणि सव्वा लाखाच्या जागी एक रुपया जमा दाखवते. प्रतीतील रकमांतून स्वल्पविराम काढून टाकणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

स्वतःच्याच दोन खात्यांमधील वर्ग रक्कम दोन्ही उताऱ्यांत येते. बचत खात्यातून आवर्त ठेवीत गेलेले ५,००० रुपये एका बाजूला नावे आणि दुसऱ्या बाजूला जमा दिसतात. ती एकच नोंद म्हणून जोडली नाही, तर खर्चही फुगतो आणि उत्पन्नही. ग्नूकॅशसारखे सॉफ्टवेअर पूर्वीच्या निवडी आणि तपशील पाहून नोंद कोणत्या खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या खात्यात जावी याचा अंदाज बांधते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही खाती नीट निवडली की पुढचे काम हलके होते. प्रत्येक आयातीनंतर सॉफ्टवेअरमधील शिल्लक उताऱ्याच्या अखेरच्या शिलकेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. ती जुळेपर्यंत पुढच्या महिन्याची फाइल उघडू नये.

पासवर्ड आणि संमती

काही ॲप्स नेटबँकिंगचा पासवर्ड मागून व्यवहार स्वतः ओढून आणतात. तो देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराने गोपनीय तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या माथी येते. कायदेशीर पर्याय आहे तो अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे खातेदाराच्या संमतीने बँकेकडील माहिती दुसऱ्या संस्थेला पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचा. २०१६ च्या नियमांनुसार उभी राहिलेली ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली. त्यात पासवर्ड न देता कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची, याची संमती खातेदार देतो आणि ती मागेही घेऊ शकतो. परंतु माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकाच्या देखरेखीखालील असावी लागते, त्यामुळे घरच्या संगणकावरील ग्नूकॅशला या वाटेने थेट माहिती मिळत नाही.

पतसंस्थांचे खाते या व्यवस्थेत येत नाही, कारण त्या बँका नसून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील संस्था आहेत. तेथील ठेवीच्या नोंदी महिन्यातून एकदा पासबुक भरून घेऊन हातानेच कराव्यात. महिन्याला दोन-चार ओळींपलीकडे त्या सहसा जात नाहीत.