बर्नआऊट (आशा ताईंमधला, मराठवाडा)

काम करून करून माणूस आतून रिकामा होतो, त्याला बर्नआऊट म्हणतात. इकडं गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा ताई असला शब्द वापरत नाहीत, "जीव वैतागला" किंवा "आता नको वाटतंय" म्हणतात आणि रजिस्टर घेऊन पुन्हा निघतात.

शब्द कुणाचा यावर मतभेद आहेत. बहुतेकजण हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या 1974 च्या लेखाकडं बोट दाखवतात, पण अमेरिकेतल्याच ब्रॅडली यांनी 1969 मध्ये, तरुण गुन्हेगारांसोबत काम करणाऱ्या स्टाफबद्दल, तो वापरलेला सापडतो. तरी आपल्या विषयाला फ्रॉइडेनबर्गरच जवळचे, कारण त्यांनी बघितलेल्या न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात बरेचसे स्वयंसेवकच राबत होते.

1981 मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी मोजपट्टी आणली, तिचे तीन भाग: भावनिक थकवा, समोरच्याशी तुटकपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. घोळ दुसऱ्या भागात आहे. वॉर्डातली नर्स ड्यूटी संपली की सुटते, आशा मात्र गावचीच सून असते, जिची नोंदणी करायची ती कधी चुलत जाऊ निघते, मग तुटक वागून राहायचं कुठं? त्यामुळं या भागात मार्क कमी आले म्हणून ताई ठणठणीत आहे असं धरणं बरोबर वाटत नाही. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआऊटला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलं, पण 2005 पासूनची आशा कागदावर कर्मचारीच नाही, कामागणिक मोबदल्यावरची स्वयंसेविका आहे.

बीडकडं ऊसतोडीचा हंगाम लागला की हे जास्त जाणवतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बघायचं, झोळीच्या काट्यावर वजन, ताप, फॉर्म, आणि सगळ्या भेटी झाल्या की 250 रुपये. पण बाळ चौदा दिवसांचं असतानाच कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कारखान्याकडं गेला तर घराला कुलूप, फॉर्म अर्धा आणि पैशाचं काय ते विचारत ताई प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेली.

कोविडात सर्व्हेची भर पडली. मोबदला वाढवा म्हणून 2021 आणि 2023 मध्ये राज्यभर संप झाले. त्यांच्या वरच्या गटप्रवर्तक तर आशांचे रिपोर्ट गोळा करत गावोगाव फिरतात, त्याही कायम नोकरीत नाहीत.