व्हीइन पिनवरून मोटर चालवणे

मायक्रोकंट्रोलर बोर्डाला येणारा पुरवठा त्याच्याच व्हीइन (बाहेरच्या पुरवठ्याच्या) पिनवरून पुढे मोटर ड्रायव्हरला, म्हणजे मोटरीचा प्रवाह हाताळणाऱ्या सर्किटला, देण्याची पद्धत. छोट्या मोटरीपुरती ती चालते, पण किती प्रवाह ओढता येईल हे बोर्डावरचे नाजूक भाग ठरवतात.

आर्डुइनो ऊनो आर3 मध्ये डीसी जॅकचा प्रवाह एम7 डायोडमधून (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) व्हीइनला पोचतो. डायोड 1 अँपिअरचा, आणि त्यावर 0.7 ते 1 व्होल्ट खर्ची पडतो. पिवळ्या गिअरबॉक्सच्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या) मोटरी मोकळ्या फिरताना कमी प्रवाह घेतात. चाक अडले किंवा दिशा एकदम उलटली की तो कैक पटींनी वाढतो, व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड रीसेट होतो. गाडी हातभर जाते, थबकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अशा वेळी कोड तपासत बसू नये, मीटर लावावा. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर हे हमखास होते, कारण तिचा अंतर्गत रोध जास्त असतो.

मोटर 5 व्होल्टच्या पिनवर लावणे त्याहून वाईट, कारण तिथला प्रवाह व्होल्टेज 5 वर आणणाऱ्या रेग्युलेटरमधून येतो. 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि 300 मिलिअँपिअर घेणारा सर्वो असेल, तर रेग्युलेटरला सुमारे 2 वॉट उष्णता सोसावी लागते. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो. तिथे थंडीत नीट चाललेला प्रकल्प उन्हाळ्यात मान टाकतो.

योग्य जोडणीत वाटणी बॅटरीपाशीच होते. 18650 आकाराचे दोन लिथियम सेल सीरिजमध्ये, म्हणजे 7.4 व्होल्ट. तारांची एक जोडी ड्रायव्हरला, दुसरी व्हीइन आणि ग्राउंडला. ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर 470 ते 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्रत्येक मोटरीच्या टोकांवर 100 नॅनोफॅरडचा सिरॅमिक. एल298एन हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. छोट्या मोटरींना टीबी6612एफएनजी ड्रायव्हर बरा. थेट व्हीइनला तार जोडली की एम7 चे संरक्षण उरत नाही, त्यामुळे उलटी जोडणी बोर्ड जाळते. बोर्डाच्या तारेत 1एन5819 हा शॉटकी डायोड घालावा, त्यावर एम7 पेक्षा कमी व्होल्टेज खर्ची पडते. लिथियम सेल व्हीइनवर असताना जॅकमध्ये 12 व्होल्टचा अडॅप्टर कधीही खोचू नये. तो सेलना बेलगाम चार्ज करू लागतो. 1एन5819 असेल तर हा धोका टळतो.

ड्रायव्हर व्हीइनवरच असेल आणि बॅटरी काढून फक्त यूएसबी लावली, तरी रेग्युलेटरमधून उलट्या वाटेने व्हीइनवर सुमारे 4 व्होल्ट येतात. मोटर गुरगुरते, फिरत नाही, आणि तो भार संगणकाच्या पोर्टवर पडतो. कोड चढवताना ड्रायव्हरची तार सोडवून ठेवावी.