हीमोडायलिसिसची परिणामकारकता

मूत्रपिंडे निकामी झालेल्याचे रक्त यंत्राने शुद्ध करणे म्हणजे हीमोडायलिसिस. ठरवून दिलेले डायलिसिस रुग्णाला प्रत्यक्षात किती मिळाले, याचा हिशेब. सूज उतरली, वजन घटले म्हणजे डायलिसिस चांगले झाले, असे घरचे लोक धरून चालतात. पण अंगातले पाणी निघणे वेगळे आणि रक्तातला युरिया (साठलेला टाकाऊ पदार्थ) निघणे वेगळे.

मोजमाप : आधीचा युरिया १४० आणि नंतरचा ४९ असेल, तर घट ६५ टक्के. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी ही किमान पातळी आहे. ‘केटी बाय व्ही’ (शरीरातल्या पाण्याच्या मानाने किती रक्तशुद्धी झाली) या मापात किमान १.२ मिळायला हवे, लक्ष्य १.४ चे ठेवतात. घोळ बहुधा नंतरचा नमुना घेताना होतो. पाणी खेचणे थांबवून रक्तपंप मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणावा, १५ सेकंद जाऊ द्यावेत आणि मगच धमनीकडच्या (रक्त यंत्राकडे नेणाऱ्या) नळीतून रक्त घ्यावे. सलाइन सोडल्यावर किंवा पंप पूर्ण वेगात असताना घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो.

कमी का पडते : पहिले कारण वेळ. चार तासांतला अर्धा तास गेला की जवळपास आठवा हिस्सा गेला. धडगाव, अक्कलकुवा भागातून नंदुरबारला येणाऱ्याला परतीची एसटी गाठायची असते, म्हणून सुया लवकर निघतात. अलार्म वाजून पंप थांबतो ती मिनिटेही शेवटी भरून द्यायला हवीत. सहसा कोणी देत नाही.

दुसरे कारण फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट. तो पिकायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. घाईने टोचला तर फुगतो. दोन सुयांच्या टोकांत किमान ५ सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर धुतलेलेच रक्त पुन्हा यंत्रात येते. पुढची शीर अरुंद झाली तरी तेच होते. शिरेकडचा (रक्त परत सोडणाऱ्या नळीतला) दाब दर खेपेला चढता दिसणे, सुई काढल्यावर रक्त लवकर न थांबणे, हाताखालची थरथर जाऊन नुसते ठोके लागणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा. पुन्हा वापरायच्या डायलायझरची (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याची) आतली क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो टाकून द्यायचा.

पाणी : मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबाने एका रुग्णाला चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागते. बोअरचे पाणी जड असेल तर सॉफ्टनरचे (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचे) मीठ संपताच पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या पडद्यावर क्षार बसतात. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात क्लोरीन जास्त असू शकते. क्लोरीन शोषणाऱ्या कार्बन टाकीनंतरचे क्लोरीन डायलिसिसच्या प्रत्येक पाळीआधी तपासावे. क्लोरामाइन (क्लोरीनचे संयुग) निसटले तर तांबड्या पेशी फुटतात.

दोन डायलिसिसच्या मधले दिवस : ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी खेचू नये. म्हणजे ५० किलोच्या माणसाचे चार तासांत २.६ लिटर. अंगात चार लिटर जादा पाणी घेऊन आलेल्याचा रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, पंप मंद करावा लागतो आणि रक्तशुद्धीही कमी होते. जळगावच्या मे महिन्यात तहान लागणारच, पण ती वाढवते मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचे तर शेवभाजी, पापड आणि लोणचे सुटलेच. रावेर-यावलकडे केळी घरचीच असतात. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकत नसल्याने ते रक्तात साठते. सोमवार-बुधवार-शुक्रवार पाळी असलेल्यांना पाणी आणि पोटॅशियम साठण्याचा धोका शनिवार-रविवारच्या खंडानंतर सर्वाधिक, त्यामुळे सोमवारची पाळी चुकवणे सगळ्यात महागात पडते.