पायाखाली दबणारा डेक

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या ज्या नाखव्यांची अर्धी हयात लाकडी होडीवर गेली, त्यांची फायबरच्या होडीबद्दल एक तक्रार असते: पुढच्या डेकवर पाय दिला की तो दबतो. तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे सरळ हिशेब आहे.

साध्या मॅटच्या, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांच्या चटईच्या, फायबरची ताठरता सुमारे ७ गिगापास्कल (ताठरतेचं एकक) भरते. सागाची, रेषांच्या दिशेने, १० ते १२. पोलादाची २००. म्हणजे फायबर सागापेक्षाही जास्त वाकतं. त्यात लाकडी डेकची फळी इंचभर जाड, म्हणजे २५ मिलिमीटर, आणि फायबरचा डेक कित्येकदा ६ मिलिमीटरचा. वाकण्याच्या बाबतीत जाडीचा घन मोजावा लागतो, त्यामुळे नुसत्या जाडीमुळेच सुमारे ७२ पटींचा फरक पडतो. सागाची जास्तीची ताठरता त्यात मिळवली की फरक शंभरपटीच्या पुढे जातो. एवढं असूनही फायबर सहजी तुटत नाही, कारण मजबुती वेगळी आणि ताठरता वेगळी. दबणारा डेक लगेच मोडत नाही. मात्र हजारो वेळा दबून काचेचे धागे आणि त्यांना बांधणारं रेझिन यांची पकड सुटत जाते, जेलकोटवर, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरावर, कोळी किड्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात आणि त्यांतून पाणी आत झिरपतं.

अशा डेकवर सर्रास होणारा उपाय म्हणजे, ‘वरून दोन मॅट मारून घेऊ.’ ४५० ग्रॅमची एक मॅट साधारण १ मिलिमीटर जाडी देते. ६ चे ८ मिलिमीटर झाले, तर ताठरता वाढते जेमतेम २.४ पट, आणि दर चौरस मीटरला सुमारे ३ किलो वजन वाढतं. तेवढीच मॅट डेकच्या खालच्या अंगाला बरगड्या, म्हणजे फायबरच्या पोकळ उंच पट्ट्या, काढायला वापरली तर? ४० मिलिमीटर उंच, ५० रुंद, भिंती ३ मिलिमीटर जाड आणि दोन बरगड्यांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर, असं धरून मी हिशेब मांडला. बरगडीच्या दिशेने डेक साठ-सत्तर पट ताठ होतो. मॅट तेवढीच, ती फक्त डेकपासून लांब नेऊन ठेवली. वाकणाऱ्या वस्तूच्या मधल्या थराला ताण जवळजवळ नसतोच. सगळा भार वरचा आणि खालचा पृष्ठभाग पेलतात. म्हणून सामान या दोन टोकांना असावं.

याच तत्त्वावर सँडविच डेक बनतो: वर ३ मिलिमीटर फायबर, खाली ३ मिलिमीटर फायबर आणि मध्ये १२ मिलिमीटरचा हलका गाभा, बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा, कुठे कुठे प्लायवूडही घालतात. फायबर तेवढंच, पण ६ मिलिमीटरच्या भरीव डेकपेक्षा ताठरता सुमारे १९ पट. नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडालेलं ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमान असंच होतं, बर्च लाकडाच्या प्लायच्या दोन कातड्यांमध्ये, म्हणजे बाहेरच्या थरांमध्ये, बाल्सा. मात्र गाभ्याने दोन्ही कातडी घट्ट धरून ठेवली पाहिजेत. पकड सुटली की प्रत्येक कातडं स्वतंत्रपणे वाकतं आणि १९ पटींचा डेक भरीव डेकच्या पाव हिश्श्यावर येतो. म्हणून एखादा सँडविच डेक वर्षानुवर्षं छान टणक असतो आणि पुढे एक-दोन पावसाळ्यांत थेट लिबलिबीत होतो. दोर बांधायच्या खुंट्याच्या किंवा कठड्याच्या बोल्टमधून पाणी गाभ्यात गेलेलं असतं आणि लाकूड कुजलेलं असतं.

तेव्हा मॅट विकत घेण्याआधी डेक ठोकून बघावा. हातोडीच्या दांड्याने वीतभर अंतरावर हलके ठोके देत जायचं. निरोगी जागी आवाज कोरडा आणि टणक येतो. कातडं सुटलंय तिथे तो भद्द होतो. ती हद्द खडूने आखत गेलं की रोग कुठवर पसरलाय ते दिसतं. खात्रीसाठी खालच्या अंगाने, फक्त खालच्या कातड्यातून, छोटं भोक पाडावं. ड्रिलबरोबर काळपट ओला भुसा आला, तर आधी कुजका गाभा काढून नवा बसवावा लागेल. त्यावर बरगड्या मारणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. भुसा कोरडा आणि पांढरट असेल किंवा डेक मुळातच भरीव असेल, तर बरगड्यांचा मार्ग मोकळा.

बरगडीच्या आतला साचा कशाचाही चालतो, फोमची पट्टी किंवा उभा चिरलेला पीव्हीसी पाइप. जोर काढायचा असतो वरच्या फायबरने. खरी कसोटी लागते ती जुन्या फायबरला नवं चिकटवताना. पॉलिएस्टर रेझिन एकदा कडक झालं की नव्या थराशी फारशी रासायनिक जोडणी करत नाही, पकड मिळते ती खरखरीत पृष्ठभागाची. म्हणून तेल, माशाची चिकटी हे सगळं आधी अ‍ॅसिटोनने पुसून काढायचं, आणि मगच ४० नंबरच्या सँडपेपरने घासून, रंग काढत, काचेचे धागे दिसेपर्यंत उतरायचं. इथे घाई झाली की अख्खी बरगडी पुढे एका तुकड्यात सुटून हातात येते. इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. मात्र पावडरने बांधलेली मॅट त्याच्याबरोबर वापरू नये; ती पावडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. तिथे विणलेलं कापड घ्यावं.

काम सुरू करण्याआधी डेकला खालून टेकू देऊन तो किंचित वर उचलून धरायचा, नाहीतर आलेला झोळ बरगडीसकट कायम होतो. बरगडी आणि डेक यांच्या कोपऱ्यात भरीची पावडर घालून घट्ट केलेल्या रेझिनचा गोलावा भरायचा, कारण काच काटकोनात वळत नाही आणि मागे हवा राहते. बरगडीचं टोक डेकच्या मध्येच तोडायचं नाही. ते होडीच्या बाजूपर्यंत न्यावं किंवा उतरतं करत शून्यावर आणावं. तुटक टोकापाशी सगळा ताण गोळा होतो आणि पुढची चीर तिथेच पडते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून दुरुस्ती तेव्हाच निघते. पण तो काळ फायबरसाठी सगळ्यात वाईट. दमट हवेत पॉलिएस्टर नीट पिकत नाही आणि ओला गाभा आतल्या आत कोंडला जातो. माझं मत एप्रिल-मेच्या सकाळच्या बाजूने आहे. दुपारच्या उन्हात रेझिन रोलर फिरवेपर्यंतच घट्ट होऊ लागतं. आणि एक गोष्ट प्रत्येक हेल्परला सांगितलीच पाहिजे: रेझिन कडक करणारं हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच, घासताना मास्कही.

काम जमलं का, ते दोरीने कळतं. बरगड्या मारण्याआधी डेकच्या दोन कडांना दोरा ताणून बांधावा, मध्ये एका माणसाला उभं करावं आणि दोरा व डेक यांतलं अंतर किती वाढलं ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावं. बरगड्या कडक झाल्यावर त्याच जागी, त्याच माणसाला उभं करून पुन्हा मोजावं. तरीही दाब जाणवला तर तो दोन बरगड्यांच्या मधल्या पट्ट्यात असेल. तिथे आणखी एक बरगडी दिली की अंतर निम्मं होतं, आणि तो पट्टा पायाच्या वजनाने आधीपेक्षा पुष्कळ कमी वाकतो.